परदेशात तैनात असलेल्या मुलाला फराळाचा डबा: काय भरायचं, काय टाळायचं, पत्ता कसा लिहायचा

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा अमेरिकन आर्मीत आहे आणि पहिल्यांदाच नऊ महिन्यांसाठी आखाती भागात गेला आहे. नेमका कुठे आहे ते तो सांगत नाही, फक्त एपीओचा, म्हणजे लष्करी टपाल कचेरीचा, पत्ता दिला आहे. दिवाळीचा सगळा फराळ, साजूक तूप, गणपतीची मूर्ती, पणत्या, उदबत्ती आणि च्यवनप्राश एका मोठ्या खोक्यात भरून पाठवावं असं त्यांच्या मनात आहे. मुलाच्या आजीलाही पुण्याहून थेट पार्सल पाठवायचं आहे, आणि ताईंच्या मंडळातल्या बायकांनाही डबे भरायचे आहेत. हे कसं करावं?

ताई, सगळ्यात आधी तो मोठा खोका रद्द करा. त्याच सामानाचे तीन-चार लहान डबे करा आणि दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने पाठवा. माझा मुलगा नेव्हीत गेला तेव्हापासून मी सैनिक कुटुंबांबरोबर असे डबे भरते आहे, आणि नव्या आईवडिलांना माझं पहिलं सांगणं हेच असतं. मोठा खोका वाटेत अडकला की सगळी दिवाळी अडकते. त्यातल्या एकाच वस्तूवर आक्षेप आला तरी बाकीचं सामान तिच्यासोबत थांबतं. पोचला तरी मुलाकडे ठेवायला जागा नसते, कारण एक पलंग आणि एक लॉकर एवढंच तिथे त्याचं असतं. आणि एकदा भला मोठा खोका आला, मग चार महिने काहीच नाही, यापेक्षा टपाल वाटताना अधूनमधून आपल्या नावाची हाक येणं मुलांना कितीतरी जास्त हवं असतं. पहिल्या महिन्यात सगळ्यांच्या घरून डबे येतात. पाचव्या-सहाव्या महिन्यात ते आटतात, नेमकं तेव्हाच घर लांब वाटायला लागतं. तेव्हासाठी हात राखून ठेवा.

आता पत्ता. माझ्या मते डब्याचं निम्मं काम पत्त्यातच असतं. त्याने जो दिला आहे तो अक्षर न अक्षर तसाच लिहा. पहिल्या ओळीत पूर्ण नाव, दुसऱ्या ओळीत युनिट, सीएमआर किंवा पीएससी (लष्करी टपालकक्षांची लघुनावं) यांचा आकडा आणि बॉक्स नंबर, तिसऱ्या ओळीत एपीओ, मग एई ही दोन अक्षरं आणि झिप कोड. एई म्हणजे युरोप, आखात आणि आफ्रिकेकडचं टपाल. पॅसिफिककडे एपी आणि दक्षिण व मध्य अमेरिकेकडे एए लिहितात. नेव्हीच्या जहाजांना एपीओऐवजी एफपीओ असतं. या पत्त्यात शहर, तळ किंवा देशाचं नाव कुठेही लिहायचं नाही. तुम्हाला ते ठाऊक झालं तरी नाही. काळजीपोटी खाली ‘कुवेत’ लिहिलंत, तर पार्सल लष्करी टपालातून निघून त्या देशाच्या साध्या टपालात जाण्याचा धोका असतो. तिथून ते तळापर्यंत पोचेल याची खात्री नाही.

नाव कागदोपत्री आहे तेच हवं, म्हणजे त्याच्या गणवेशावरच्या पट्टीवर जे आडनाव आहे ते आणि त्याच स्पेलिंगमध्ये. आपल्या घरात पोरांना दोन-दोन नावं असतात. आजी ज्या नावाने हाक मारते ते पाकिटावर लिहिलं, तर टपाल वाटणाऱ्या सैनिकाला तो कोण हे कळायचा मार्ग नाही. नावाचा घोळ किती मोठा होऊ शकतो हे दुसऱ्या महायुद्धात दिसलं होतं. १९४५ च्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या गोदामांत अमेरिकन सैनिकांचं सुमारे १ कोटी ७० लाख टपाल पडून होतं. ते मार्गी लावायला मेजर चॅरिटी अ‍ॅडम्स यांच्या हाताखालची ६८८८ वी सेंट्रल पोस्टल डिरेक्टरी बटालियन पाठवली गेली. कृष्णवर्णीय स्त्रियांची ही तुकडी होती. एकट्या रॉबर्ट स्मिथ नावाचे साडेसात हजार सैनिक नोंदीत होते, कित्येक पाकिटांवर नुसतं टोपणनाव होतं आणि घरून आलेले केक उंदरांनी फोडलेले होते. त्या स्त्रियांनी तिन्ही पाळ्यांत काम करून सहा महिन्यांचं काम तीन महिन्यांत संपवलं. तेव्हाच्या त्या अडचणी, चुकीचं नाव आणि टपालात पडून सडणारं खाणं, आजही तुमच्या-माझ्या डब्याला लागू आहेत.

आजींना नम्रपणे सांगा की पुण्याहून थेट पाठवू नका. एपीओच्या पत्त्यावर फेडएक्स, यूपीएस, डीएचएल यांच्यासारखे खासगी कुरिअर पोचवत नाहीत. ते काम अमेरिकेचं सरकारी टपाल खातं, म्हणजे यूएसपीएसच करतं आणि पुढे लष्कर ते ताब्यात घेतं. भारतातून निघालेलं पार्सल आधी अमेरिकेत येणार, इथलं कस्टम ओलांडणार आणि मग पुन्हा अर्धं जग फिरून आखातात जाणार. इतक्या प्रवासात चकलीचा भुगा होतो. आजींनी तुमच्या घरी पाठवावं, तुम्ही ते तुमच्या डब्यात घालावं. त्यांच्या हातचं पत्र मात्र प्रत्येक डब्यात असू द्या.

पोस्टाचा खर्च लोकांना वाटतो तेवढा नसतो. लष्करी पत्त्यावरचं टपाल परदेशी धरत नाहीत, त्याला अमेरिकेतल्या अमेरिकेत पाठवल्याचाच दर लागतो. यूएसपीएसचा ‘प्रायॉरिटी मेल लार्ज फ्लॅट रेट’ डबा पोस्टात फुकट मिळतो, आणि एपीओसाठी त्याचा जो खास प्रकार आहे त्याला टपालखर्च नेहमीच्या मोठ्या डब्यापेक्षा थोडा कमी पडतो. आतून साधारण १२ इंच लांब, १२ इंच रुंद आणि साडेपाच इंच उंच अशी त्याची जागा आहे. वजन ७० पौंडांपर्यंत चालतं आणि कितीही भरलं तरी दर तोच. यूएसपीएसच्या संकेतस्थळावरून ‘मिलिटरी केअर किट’ मागवलं तर डबे, चिकटपट्टी, पत्त्याची लेबलं आणि कस्टमच्या फॉर्मची पाकिटं घरपोच येतात, तीही मोफत. पण एक लक्षात ठेवा: ठरावीक दराचा डबा जड सामानाला परवडतो. नुसता चिवडा भरायचा असेल तर साध्या खोक्यात वजनाच्या दराने किती होतात ते काउंटरवर विचारा. ‘ग्राउंड अ‍ॅडव्हांटेज’ नावाची सेवा स्वस्त असते, पण तिला वेळ फार लागतो. फराळासाठी ती नको.

कस्टमचा फॉर्म भरावाच लागतो. पूर्वी हाताने भरून चिकटवायचे, आता तो संगणकातून निघतो. घरी यूएसपीएसच्या ‘क्लिक-एन-शिप’वर लेबल करा, त्यातच फॉर्म तयार होतो. किंवा पोस्टात २९७६-आर हा कागद भरून द्या, क्लार्क त्यावरून लेबल छापतो. त्यात ‘फराळ’ किंवा नुसतं ‘फूड’ लिहू नका. वाचणाऱ्या माणसाला कळेल असं इंग्रजीत लिहा: शंकरपाळीला ‘होममेड कुकीज’, चकलीला ‘फ्राइड राइस-फ्लॉर स्नॅक’, मोज्यांना ‘कॉटन सॉक्स’. प्रत्येक वस्तूचे नग, वजन आणि डॉलरमधली किंमत लिहायची. घरी केलेल्या वस्तूची किंमत शून्य लिहू नये, अंदाजाने दोन-पाच डॉलर लिहा. पार्सल पोचलं नाही तर काय करायचं या प्रश्नाला ‘रिटर्न टू सेंडर’वर खूण करा.

आता खाण्याचं, आणि इथे मी जरा थांबून सांगणार आहे, कारण आपल्या फराळाबद्दल इंग्रजीतल्या कुठल्याच यादीत काही सापडत नाही.

पहिली गोष्ट खसखस. अनारशांवर लावतो, कित्येक घरांत करंजीच्या सारणात घालतो, डिंकाच्या लाडवात घालतो, बाकरवडीच्या मसाल्यात असते, काही गोड्या मसाल्यांतही असते. अमेरिकन सैनिकांची लघवीची तपासणी कधीही अचानक होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये संरक्षण खात्याने सैनिकांना लेखी कळवलं की खसखस असलेले पदार्थ खाऊ नका, कारण काही खसखशीत कोडीनचा, म्हणजे अफूतल्या एका औषधी द्रव्याचा, अंश इतका असू शकतो की तपासणी पॉझिटिव्ह यावी. त्यात मुलाची नोकरी पणाला लागते. शिवाय आखातातल्या काही देशांत खसखस जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. म्हणून अनारसे नकोतच. करंजी करायची तर खसखस वगळून करा. विकतची बाकरवडी घेताना पाकिटावरचे घटक वाचा आणि ‘पॉपी सीड्स’ दिसलं की ते पाकीट परत ठेवा. दुकानदार ‘नाही हो, नसते’ म्हणाला तरी पाकीट वाचा.

त्याच कारणाने च्यवनप्राश, चूर्णं, काढ्याच्या पुड्या, वजन किंवा ताकद वाढवणाऱ्या पावडरी यांना माझा ठाम नकार आहे. बिनलेबलाच्या पुडीतली तपकिरी पावडर तपासणाऱ्याला मेतकूट वाटणार नाही. शिवाय पूरक आहारातल्या कुठल्या घटकांना सैनिकांना मनाई आहे याची यादी संरक्षण खातं ठेवतं. ‘ऑपरेशन सप्लिमेंट सेफ्टी’ नावाच्या त्यांच्या संकेतस्थळावर ती पाहता येते. हेम्प आणि सीबीडी (दोन्ही भांगेच्या जातीच्या झाडातले) असलेली तेलं, मलमं, गोळ्या हेही सैनिकांना वर्ज्य आहे, मग ते दुकानात खुलेआम का मिळेना. काही औषध हवंच असेल तर मुलाने आधी आपल्या तुकडीच्या वैद्यकीय माणसाला विचारावं. मेतकूट, कोरडी चटणी पाठवायची असेल तर विकतची, कंपनीच्या छापील आणि न फोडलेल्या पाकिटातलीच पाठवा.

दुसरी गोष्ट उष्णता. कुवेतमध्ये मित्रिबाह इथे जुलै २०१६ मध्ये ५३.९ अंश सेल्सिअसची नोंद झाली आहे. दिवाळीत तिथे हवा बरी असते, पण दिवाळीचा डबा सप्टेंबरात निघतो, आणि सप्टेंबरात आखातात पारा सहज चाळिशी ओलांडतो. डबा काही तास उन्हात, पत्र्याच्या कंटेनरमध्ये बसणार हे धरूनच चालायचं. तूप ३५ अंशांच्या आसपास पातळ होतं. म्हणजे बेसनाचा तुपकट लाडू तिथे लाडू राहत नाही, पिशवीत बेसनाचा लगदा आणि कागदाला तूप. साजूक तुपाची बरणी तर नकोच, ती फुटली तर बाकी सगळं गेलं. चॉकलेट घातलेले पदार्थ नोव्हेंबर ते मार्चच्या डब्यांसाठी ठेवा. लाडू पाठवायचाच असेल तर पाकातला रव्याचा करा, तूप हात राखून घाला आणि ओलं खोबरं अजिबात घालू नका. एकेक लाडू प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून कडक झाकणाच्या डब्यात एकमेकांना टेकून बसवा, हलायला जागा ठेवू नका.

फराळात प्रवासाला सगळ्यात चांगली शंकरपाळी. गोडी असो वा खारी, ती तुटत नाही, वितळत नाही, महिनाभर टिकते, आणि तिथल्या मुलांना कुकी म्हणून लगेच आवडते. कडबोळीही उत्तम. चकलीला गोल, उंच डबा हवा. बटाट्याचे वेफर येतात ती पुठ्ठ्याची नळी धुऊन नव्हे, कोरड्या फडक्याने पुसून घ्या, चकल्या त्या मापाच्या पाडा, दर चार-पाच चकल्यांमध्ये कागदाची चकती घाला आणि वरची मोकळी जागा टिश्यूने घट्ट भरा. तशी नळी हलवून पाहिल्यावर आवाज आला नाही पाहिजे. चिवड्यात खोबऱ्याचे काप टाळा. लांबच्या, गरम प्रवासात सगळ्यात आधी खोबरं खवट होतं आणि मग त्याचा वास सगळ्या चिवड्याला लागतो. पोहे तळण्यापेक्षा भाजून करा, तेल कमी लागतं आणि चिवडा जास्त टिकतो. करून झाल्यावर पदार्थ पूर्ण गार होऊ द्या, शक्यतो रात्रभर झाकून ठेवून सकाळी भरा. कोमट चिवडा पिशवीत कोंडला की आत पाणी सुटतं. दोन झिपलॉक पिशव्या एकात एक घाला. हवा काढणाऱ्या यंत्राने घट्ट बंद करण्याचा मोह होतो, पण त्या दाबाने पोह्यांचा चुरा होतो.

प्रत्येक पिशवीवर इंग्रजीत चिठ्ठी चिकटवा: पदार्थाचं नाव, त्यात काय आहे, कधी केला. शेंगदाणे किंवा काजू असतील तर ‘पीनट्स’, ‘नट्स’ हे शब्द मोठ्या अक्षरांत. तो एकटा थोडाच खाणार आहे, पलीकडच्या पलंगावरच्या मुलाला दाण्याची ॲलर्जी असू शकते.

साबण, उदबत्ती, दाढीचा सुवासिक फेस, कपड्यांचा सुगंधी कागद हे सामान खाण्याच्या डब्यात कधीच घालू नका. कितीही पिशव्या घातल्या तरी तीन आठवड्यांत शंकरपाळीला साबणाची चव येते. अशा वस्तूंचा डबा वेगळा करा.

उदबत्ती आणि पणत्यांचं म्हणाल, तर तंबूत किंवा बराकीत ज्योत पेटवायला बहुतेक ठिकाणी परवानगी नसते. काडेपेटी, लायटर, फटाके, स्प्रेचे दाबाचे डबे, अत्तर, नेलपॉलिश, दारू हे टपालात घालायलाच बंदी आहे. पणत्यांऐवजी पेन्सिल सेलवर चालणारी छोटी दिव्यांची माळ पाठवा. सेल माळेतून काढून पाकिटात वेगळे ठेवा, नाहीतर वाटेत माळ आपोआप लागते आणि खोक्यातून उजेड आला की ते खोकं उघडलं जातं. सुट्या लिथियम बॅटऱ्या नकोत.

गणपतीबद्दल तुम्हाला धाकधूक असेल, कारण आखाती पत्त्यांसाठी एक नियम आहे: इस्लामशी विसंगत अशी धार्मिक सामग्री मोठ्या प्रमाणावर पाठवायला मनाई. ज्याला पाठवतो त्याच्या स्वतःच्या वापरापुरत्या वस्तू मात्र चालतात. म्हणजे एक छोटी मूर्ती किंवा फोटो, एक पोथी, जपमाळ निर्धास्त पाठवा. वीस मूर्ती पाठवू नका. मूर्ती धातूची, तळहातावर मावेल एवढी घ्या. शाडूची प्रवासात तुटते, आणि तुटलेली मूर्ती मुलाच्या हातात पडलेली तुम्हाला आवडणार नाही. प्रत्येक झिप कोडचे निर्बंध वेगळे असतात. यूएसपीएस ते छापतं आणि संकेतस्थळावरही देतं, पोस्टातला क्लार्कही पाहून सांगतो. पाठवण्याआधी तेवढं एकदा पाहाच. आखातात डुकराचं मांस आणि त्यापासून केलेले पदार्थ चालत नाहीत, कमी कपड्यांतली चित्रं असलेली मासिकं चालत नाहीत. ताजी फळं, भाज्या, बिया, माती हेही नको, म्हणजे तुळशीच्या मंजिऱ्यासुद्धा नकोत.

खाण्यापलीकडे काय पाठवावं हे मी सांगण्यापेक्षा मुलाला विचारा, आणि विचारताना ‘काय हवंय’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘काही नको, आई’ हेच येतं. ‘तिथे दुकान आहे का, त्यात काय मिळत नाही’ असं विचारा. मोठ्या तळावर लष्करी दुकान असतं, जेवणाची चांगली सोय असते, मग टूथपेस्ट आणि साबण पाठवून टपालखर्च वाया जातो. लहान, आडबाजूच्या ठाण्यावर मात्र ओले टिश्यू, ओठांचं मलम, पायाची पावडर, स्प्रे नसलेलं सनस्क्रीन, पाण्यात मिसळायच्या सरबताच्या पुड्या आणि झटपट कॉफी यांची खरी गरज असते. मोजे सगळ्यांनाच लागतात, पण रंग आणि लांबी गणवेशाच्या नियमात बसणारी हवी, म्हणून त्याच्याकडून नेमकं विचारून घ्या. आल्याचा चहा आवडत असेल तर दूध-साखर मिसळलेल्या चहाच्या पुड्या पाठवा, नुसतं गरम पाणी पुरतं. रिकाम्या जागा भरायला वर्तमानपत्राचे बोळे घालण्यापेक्षा मोजे आणि पुड्याच कोंबा, म्हणजे खोक्यातली इंचभर जागाही वाया जात नाही.

आणि पत्र. फोन, व्हिडिओ कॉल असताना पत्र कशाला, असं मला तरुण जोडपी विचारतात. कॉल नेटवर्कवर, वेळेवर आणि आजूबाजूच्या गर्दीवर अवलंबून असतो. पत्र मुलगा रात्री एकटा असताना काढतो, पुन्हा वाचतो. फार भावनिक लिहायची गरज नाही. शेजाऱ्यांनी कुंपण बदललं, बाबांनी नवा टीव्ही उलटा लावला, धाकटीला गणितात किती मार्क पडले, असं घरातलं साधं लिहा. काळजीचे प्रश्न आणि घरातली भांडणं पत्रात नकोत, तिथून तो काही करू शकत नाही. फोटो मोबाइलवर पाठवले असले तरी दोन-चार छापून घाला, ते लॉकरच्या दारावर लागतात. त्याने तुम्हाला पत्र लिहायचं ठरवलं आणि तो युद्धक्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या भागात असेल, तर त्याला साध्या पत्राला तिकीट लागत नाही. पाकिटावर वर उजवीकडे ‘फ्री मेल’ लिहिलं की झालं. हे बऱ्याच मुलांना माहीत नसतं, त्याला सांगा.

डबा बंद करण्याआधी एका कार्डावर त्याचा आणि तुमचा पत्ता लिहून आत सगळ्यात वर ठेवा. बाहेरचं लेबल फाटलं तरी डब्याची ओळख राहते. मग खोक्याची प्रत्येक शिवण चिकटपट्टीने बंद करा, फक्त मधली नाही. बंद खोका दोन्ही हातांनी हलवा. आत काही सरकलं तर उघडा आणि परत भरा.

दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कधीही येते. प्रायॉरिटीने डबा कधी दहा-बारा दिवसांत पोचतो, कधी तीन-चार आठवडे घेतो, म्हणून पाच आठवडे आधी पोस्टात टाका. नाताळच्या वेळी लष्करी टपालावर प्रचंड ताण असतो. यूएसपीएस दर वर्षी लष्करी पत्त्यांसाठी शेवटच्या तारखा जाहीर करतं, तुमची दिवाळी नोव्हेंबरात असेल तर त्या गर्दीच्या आधीच डबा जाऊ द्या. ट्रॅकिंग पाहताना एक गोष्ट घाबरवते: डबा शिकागोच्या केंद्रात पोचल्याचं दिसतं आणि मग कित्येक दिवस काहीच नोंद होत नाही. तो हरवलेला नसतो. तिथून तो लष्कराच्या ताब्यात गेलेला असतो आणि पुढची नोंद बहुधा मुलाच्या तळावरच्या टपाल कचेरीत होते. त्या शांत दिवसांत त्याला रोज ‘मिळाला का’ विचारू नका. डबा कधी आणायचा हे त्याच्या हातात नसतं.

तुमच्या ओळखीत कुणाचं मूल नेव्हीत असेल तर त्यांना सांगा की जहाजाचं टपाल याहून लहरी असतं. जहाज बंदराला लागतं तेव्हा किंवा समुद्रातच रसद घेताना टपाल मिळतं, मधले आठवडे नुसतेच जातात. पाणबुडीला तर महिना-महिना काही पोचत नाही. तिथे कोरडं आणि दीर्घ टिकणारं तेवढंच पाठवावं.

तुमच्या मंडळातल्या बायकांनीही डबे भरायची इच्छा दाखवली आहे असं तुम्ही लिहिलं आहे. फार चांगलं आहे, पण ‘कुणाही सैनिकाला’ असा पत्ता घालून पाठवता येत नाही. २००१ मधल्या अँथ्रॅक्सच्या पाकिटांनंतर संरक्षण खात्याने ती पद्धत बंद केली. नाव असलेला माणूस हवाच. दोन मार्ग आहेत. एक, तुमच्याच मुलाला थोडं जास्त पाठवा आणि त्याच्या तुकडीत वाटायला सांगा. तुकडीचा चॅपलिन, म्हणजे लष्करातला धर्मगुरू, अशा वाटपात हौसेने मदत करतो. तो कुठल्याही धर्माचा असो, सगळ्या सैनिकांकडे पाहणं हे त्याचं काम असतं. अमेरिकन लष्करात २०११ मध्ये पहिल्या हिंदू चॅपलिन नेमल्या गेल्या, त्या म्हणजे कॅप्टन प्रतिमा धर्म. दुसरा मार्ग, ‘ऑपरेशन ग्रॅटिट्यूड’ किंवा ‘सोल्जर्स एंजल्स’सारख्या संस्थेमार्फत द्या. मात्र ‘ऑपरेशन ग्रॅटिट्यूड’सारख्या संस्था अनोळखी हातचं घरगुती खाणं सैनिकांना देत नाहीत, ते योग्यही आहे. तिथे बंद पाकिटातल्या वस्तू, पत्रं आणि मुलांनी काढलेली चित्रं द्या.

पत्ता दिसेल असा डब्याचा फोटो मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर किंवा फेसबुकवर टाकू नका, तो कधी परतणार, कुठल्या मार्गाने येणार हेही लिहू नका. मुलगा ठिकाण सांगत नाही यामागे त्याच्या बरोबरीच्या सगळ्यांची सुरक्षितता आहे. आजींनाही हे समजावून सांगा. त्यांना वाईट वाटेल, पण त्या समजून घेतील.

शेवटचा डबा कधी पाठवायचा हे त्याच्याशी ठरवून घ्या. परतीच्या अंदाजे तारखेच्या पाच-सहा आठवडे आधी थांबणं बरं, नाहीतर डबा तिथे आणि मुलगा इथे असं होतं आणि ते पार्सल महिन्या-दोन महिन्यांनी तुमच्याच दारात परत येतं. त्या शेवटच्या आठवड्यांत फक्त पत्रं पाठवा. आणि डब्यातून वगळलेले अनारसे त्याला घरी परतल्यावरही, तो सेवेत आहे तोवर, खसखस वगळूनच करून घाला. तपासणी इथल्या तळावरही होते.